बडनेऱ्याचं उभं खोकं

परवा नातवाच्या टेबलासाठी म्हाताऱ्या सुतारानं सरस उकळला आणि त्या वासानं मला साठच्या दशकातल्या अमरावतीत नेलं.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. हे शाळेत मास्तर होते. दर रविवारी बडनेऱ्याला जायचे आणि कपड्यांना हाच वास घेऊन परतायचे. विचारलं की म्हणायचे, "काम होतं." माझा संशय वाढतच गेला. एका रविवारी मी मागोमाग निघाले.

एका सुताराच्या अंगणात हे दोन कागद पसरून बसलेले दिसले. मला पाहून दचकले.

"काय करून राह्यले तुमी?"

"रेडिओच्या लाउडस्पीकरसाठी जमिनीवर उभं राहील असं खोकं. हे समोर आवाजासाठी आनखी एक भोक असलेलं, हे साधं बंद. कोनतं करू?"

माझा विश्वास बसेना. वाकून पाहिलं, तर खरंच मापं होती.

"साधंच करा. पन मले कावून नाही सांगितलं?"

"तू नाही म्हनशीन, असं वाटलं."

तेव्हा राग आला. आज आठवतं, तोवर त्यांच्या कशालाच मी हो म्हटलं नव्हतं.

खोकं कमरेइतकं उंच झालं. त्यातून पहिल्यांदा भरदार आवाज आला, तेव्हा हे माझ्याच तोंडाकडे पाहत होते. आवडला का, असं त्यांनी विचारलं नाही. मला फार आवडला होता, पण मीही सांगितलं नाही.