कॉलिनचा शेवटचा शॉट

कॉलिन गेल्याचा फोन त्याच्या मुलीने, एम्माने, लंडनहून केला तेव्हा मी रॅफल्स प्लेस स्टेशनात एमआरटीच्या गाडीची वाट पाहत उभी होते. "झोपेतच गेला," ती म्हणाली आणि लगेच पुढे, "त्याची फिल्म तुम्हीच पुरी करा. तसं सांगून ठेवलं होतं त्याने." मला रडू यायला हवं होतं. आली ती भीती.

मी एडिटर. पुण्याहून इथे आले तेव्हा कॉलिन कॉन्डोच्या, म्हणजे पूलवाल्या महागड्या फ्लॅटांच्या, जाहिराती करत होता. त्याचा पहिला सिनेमा आम्ही पुण्यात शिकताना डोक्यावर घेतला होता. प्रत्येक प्रसंग एकाच टेकमध्ये, जास्तीचा एकही अँगल नाही! मग मोठी कंपनी आली, मोठे नट आले, आणि पुढचे दोन सिनेमे असे आपटले की लंडनमधले निर्माते त्याचे फोन घेईनासे झाले. जाहिरातीतला साधा स्विमिंग पूलही तो दहा बाजूंनी टिपायचा. "अरे बाबा, पूल आहे, पळून नाही जाणार," मी चिडवायचे. तो कसनुसा हसायचा. "मीना, क्लायंटला नाही आवडलं तर?" माणूस घाबरला की जास्तीचं शूट करतो, आणि ती सगळी भीती शेवटी एडिटरच्या टेबलावर येऊन पडते.

पुढे जाहिरातीही थांबल्या. तो पासिर रिसला, आमच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये भाड्याच्या खोलीत राहायला आला. रविवारी आमच्याकडे पोहे खायला यायचा. फोन वाजला की दचकायचा, नाही वाजला तर त्याहून जास्त अस्वस्थ व्हायचा. माझी लेक एकदा इथल्या इंग्रजीच्या ढंगात म्हणाली, "आई, अंकल ऑलवेज सो स्केअर्ड, लाह." मी तिला गप्प केलं, पण तिचं खरं होतं. गेल्या वर्षी त्याने किनाऱ्यावर रोज गळ टाकून बसणाऱ्या एका म्हाताऱ्यावर फिल्म करायला घेतली. कॅमेराही स्वतःच धरला. मला काही दाखवेना. "आधी शूट होऊ दे... मग तू आहेसच."

हार्ड डिस्क घरी आली तरी उघडायचा धीर होईना. नेहमीसारखा ढिगारा असणार, असं धरून चालले होते. निघाला प्रत्येक प्रसंगाचा एकेकच टेक. खरं तर मला हायसं वाटायला हवं होतं, पण मी जास्तच घाबरले. माझं चुकलं तर झाकायला दुसरा अँगलच नाही. त्याच्या नावावर आणखी एक आपटलेली फिल्म लागेल, आणि या वेळी ती माझ्या हातून.

आता शेवटचा शॉट सोडून सगळं जुळलंय. त्यात म्हातारा गळ गुंडाळून निघून जातो आणि नुसता समुद्र उरतो. फिल्म तिथेच संपायला हवी. पण कॅमेरा चालूच आहे, कॉलिनच्या हातात थरथरतोय, आणि त्याचा श्वास ऐकू येतोय, जिना चढून आल्यासारखा. एम्मा विचारते, झालं का? मी होईल म्हणते. मी जिथे कट करीन तिथे तो श्वास थांबणार... म्हणून रोज तो शॉट शेवटपर्यंत चालू देते.