वरखालीकाकांना काम हवं

काकांनी आयुष्यभर लिफ्ट चालवली, म्हणून गल्लीने त्यांना वरखालीकाका करून टाकलं. त्यांचा सगळा प्रवास तळमजला ते सातवा मजला, तोही दुसऱ्यांच्या कामासाठी. अशा माणसाच्या बैठकीच्या खोलीत अकरा देशांत पसरलेली प्रवासी संस्था जन्माला यावी, हा नशिबाचा विनोदच. काका मात्र त्याला हसत नसत.

सुरुवात काकूंनी केली. शेवटची बस चुकलेल्या एका परदेशी मुलीला त्यांनी सोफ्यावर झोपायला जागा दिली. फुकट राहिल्याची लाज वाटून तिने सकाळी सगळी भांडी घासली. काकूंना भांडी आवडली, मुलीला काकू. पुढच्या वर्षी तिने दोन मैत्रिणी धाडल्या; त्यांनी पंखे पुसले. मग शेजारणी म्हणू लागल्या, "आमच्याकडेही पाठवा की एखादी, माळा आवरायचाय." बघता बघता इथली मुलं तिकडची कुंपणं रंगवू लागली, तिकडची इथल्या गच्च्या झाडू लागली. दुसऱ्याच्या घरचा पसारा आवरायला माणूस समुद्र ओलांडतो, स्वतःच्या घरचा ओलांडून जातो, हे काकूंनी बरोबर हेरलं होतं. मागच्या खोलीचं ऑफिस झालं, दारावर पाटी लागली.

काका निवृत्त झाले ते नेमके या भरभराटीत. झाडांना पाणी घालायला जावं, तर कुंड्या ओल्या. फाटकाला तेल द्यायला जावं, तर फाटक आधीच मुकं. "अहो, तुम्ही बसा ना निवांत," काकू म्हणत. बसून बसून काकांची कंबर धरली. हक्काचं म्हणावं असं एकच काम उरलं होतं: काकूंचा सकाळचा चहा.

एका सकाळी काका उठले, तर एक लंबू पाहुणा ओट्याशी उभा, आणि काकू कप हातात घेऊन म्हणत होत्या, "वा! असा चहा या घरात पहिल्यांदाच झाला."

काका आल्या पावली आत गेले. इस्त्रीचा शर्ट घातला आणि थोड्या वेळाने ऑफिसच्या दारावर टकटक केली.

"येऊ का मॅडम? स्वयंसेवक व्हायचंय."

"हे काय नवीन खूळ?"

"का, वयाची अट आहे?"

काकूंनी चष्म्यावरून पाहिलं. पण रीत ती रीत. "काय येतं?"

"चहा."

"कुठे जायला आवडेल?"

"जिथे तो पितात तिथे."

टोमणा वर्मी बसला. काकूंनी तसं दाखवलं नाही. "आहे एक घर, खूप लांब. तिथल्या सूनबाईंचा कालच फोन होता. सासूबाईंना सकाळचा चहा करून द्यायला कुणीतरी हवंय."

"सध्या कोण देतं?"

"सासरेच देतात. पण आता वय झालं, त्यांनी आपलं निवांत बसावं, असं तिचं..." काकूंचं वाक्य तिथेच अडलं.

"मग मी गेल्यावर त्यांनी काय करायचं?" काकांनी साळसूदपणे विचारलं. "तिकडे लिफ्ट आहे का?"

काकूंनी फोन उचलून सूनबाईंना कळवलं की माणूस मिळणार नाही. त्याच आठवड्यात अकराही देशांत निरोप गेला: घरातल्या कुठल्याही कामाला हात लावण्याआधी, ते रोज कोण करतं हे विचारावं. बऱ्याच घरांतल्या पुरुषांनी या चौकशीला कडाडून विरोध केला.

लंबूची रवानगी गच्चीवर झाली आणि काका पुन्हा ओट्याशी उभे राहिले. त्यांचा चहा लंबूच्या चहाच्या पासंगालाही पुरत नाही. काकू तो शेवटच्या घोटापर्यंत पितात आणि साखरेबद्दल अवाक्षर काढत नाहीत.