उद्याचे दगड

दिवाळी सरली की धाड गावाच्या डांबरी रस्त्याची एक बाजू पिवळी होते. खळ्यात ओल असते आणि डांबर उन्हानं तापलेलं, म्हणून मशीनमधून काढलेला मका लोक रस्त्यावरच वाळत घालतात. गाड्यांनी तो तुडवू नये म्हणून कडेनं दगड मांडतात. संध्याकाळी मका पोत्यात जातो. दगड तिथंच राहतात, सकाळी पुन्हा लागणार असतात म्हणून.

पंचफुलाबाई ते दगड उचलते. दिवस कलला की पदर खोचून, काठी घेऊन ती स्टँडपासून निघते आणि बुलढाण्याकडच्या पुलापर्यंत जाते. लहान दगड काठीनं नालीत ढकलते, मोठ्यांसाठी वाकते.

"मामी, सरकारनं पगार चालू केला का तुमाले?" हॉटेलवाला तुळशीराम भज्यांच्या कढईमागून विचारतो.

"हाव. तुयं बी नाव सांगून येतो. ये उचलाले."

उकंडरावांची कोकिळाबाई मात्र वैतागते. तिच्या मक्यावर पंचफुलानं बरीच वर्षं मजुरी केली आहे.

"अव, आमी रोज मांडावं आन् तू रोज काढावं. उद्या लागतेच ना ते?"

"उद्याचे उद्या मांडू."

यावर कोकिळाबाई मान खाली घालून पोतं शिवू लागते. का, ते दोघींनाच ठाऊक.

पंचफुलाचा मुलगा धम्मरत्न बुलढाण्यात मोटारपंप दुरुस्त करायचा. त्या संध्याकाळी कोकिळाबाईचा मका भरून झाला होता. "दगड बाजूले करून घे व," ती म्हणाली होती. दिवसभर वाकून पंचफुलाची कंबर धरली होती. "राहू द्या," पंचफुला म्हणाली, "उद्या लागतेच." अंधार पडता पडता धम्मरत्न कामावरून घरी येत होता आणि समोरून ट्रॅक्टर आला. त्याचा उजेड डोळ्यांवर आला आणि धम्मरत्ननं मोटरसायकल कडेला घेतली.

पंचनाम्याच्या वेळी पोलिसांनी विचारलं तेव्हा कोकिळाबाई पुढं झाली. "दगड आमचे हायत. मीच ठेवले." नवरा घरी येऊन ओरडला, तरी तिनं शब्द फिरवला नाही. पंचफुला तेव्हा शेजारीच उभी होती. तिला बोलायचं होतं. आवाज निघाला नाही, आणि मग बोलायची वेळ निघून गेली.

सून मंजुश्री माहेरी गेली नाही. बुलढाण्यात एका मेडिकलवर कामाला लागली, जुनी स्कूटी घेतली आणि रोज तिन्हीसांजेला त्याच रस्त्यानं घरी येऊ लागली. पंचफुलाची काठी तेव्हापासूनची. पुलाजवळ सासू दिसली की मंजुश्री गाडी थांबवायची. मागं बसून पंचफुला तिचा खांदा घट्ट धरायची.

"आई, खांदा दुखते ना."

"दुखू दे. हळू चालव."

खामगावचं स्थळ पंचफुलानंच शोधलं. कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरी करणारा, पहिली बायको आजारात गेलेला, साधा माणूस. मंजुश्री नाही म्हणत राहिली.

"तुमाले कोण हाय मंग?"

"मी का लेकरू हाय? मायाकडं पाहून जिंदगी काढशीन का तू?"

शेवटी विहारात लग्न लागलं. पंचफुला आईच्या जागी उभी राहिली. वंदना म्हणताना तिचा आवाज एकदाही कापला नाही. जीपमध्ये बसताना मंजुश्रीनं तिचा हात धरला. "आता संध्याकाळी रस्त्यावर जाऊ नका, आई. मायासाठीच जात होत्या ना तुमी?"

पंचफुलाला त्या क्षणी सगळं सांगून टाकावंसं वाटलं. तिनं मंजुश्रीचा पदर दारात अडकला होता तो आत सारला.

"पोचल्यावर फोन कर," ती म्हणाली.

त्या दिवशी दिवस कलला तेव्हा ती काही वेळ ओट्यावर बसून राहिली. मग उठली. रस्त्यावर कोकिळाबाई पोत्यांची तोंडं शिवत होती. तिनं मान वर केली.

"गेली का पोरगी?"

"गेली."

"मंग आता कोनासाठी व बाई? आजच्या दिस राहू दे. उद्या लागतेच..."

कोकिळाबाईच्या हातातली सुई थांबली. तिनं खाली पाहिलं. पंचफुला तोवर वाकली होती, दोन्ही हातांनी एक दगड छातीशी घेऊन नालीकडं निघाली होती. कोकिळाबाईनं सुतळी खाली ठेवली आणि पुढचा दगड उचलला. दोघी दगड उचलत पुलापर्यंत गेल्या.

रस्ता मोकळा झाला. मग त्या पुलाच्या कठड्यावर बसल्या. बुलढाण्याकडून एखादा उजेड येताना दिसला की पंचफुला उठून उभी राहायची. गाडी समोरून निघून गेली की पुन्हा बसायची.