पाण्याची वाटणी

बाबा आमच्या गावच्या तलावाचे पाणकर होते. धानाला पाणी कमी पडू लागलं की कोणाच्या शेतातल्या बांधीत किती पाणी सोडायचं, ते बाबा ठरवत. हातात एक काठी, तिच्यावर खुणा. कोणी भांडत, कोणी दटावत. बाबा काठी दाखवून मोकळे. घरात गुळाचा खडासुद्धा ते असाच मोजून वाटत, त्यामुळे आम्ही सगळी भावंडं त्यांच्यावर सारखीच चिडलेली.

दहावीनंतर मला भंडाऱ्याला सायन्स शिकायला जायचं होतं. सत्तरचं दशक सरत आलं होतं, आणि बाबांचं मन होत नव्हतं. शेवटी, आधी पाहतो आणि मग सांगतो, असं म्हणून ते मोहाडीला शाळेच्या प्रदर्शनात आले.

माझा प्रयोग म्हणजे पाण्याने भरलेल्या काचेच्या दोन उभ्या नळ्या, त्यात ॲसिडचे चार थेंब आणि सरांनी कुठूनशी मागून आणलेली ट्रकची बॅटरी. तारा जोडल्या, बुडबुडे उठले. विजेने पाण्याचे दोन वायू होतात, हायड्रोजन आणि ऑक्सिजन, असं मी घडाघडा म्हणून दाखवलं. बाबांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं; दोन्ही नळ्यांत वर किती वायू साठला, ते पाहत होते.

"मास्तर, वाटप चुकलं," ते सरांना म्हणाले. "एकाले दुप्पट काहून देल्लं?"

सगळे हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सरांनी शांतपणे सांगितलं की पाणी मुळातच तसं आहे, हायड्रोजन दोन हिस्से, ऑक्सिजन एक. बाबांनी काचसामानाच्या खोक्यातली तणसाची, म्हणजे धानाच्या पेंढ्याची, काडी उचलली, नळीतल्या ऑक्सिजनच्या उंचीएवढी तोडली आणि दुसऱ्या नळीला लावून पाहिली. बरोबर दोनदा बसली.

तरी दुसऱ्या दिवशी ते दोन बाटल्या घेऊन हजर. एकीत तलावाचं पाणी, दुसरीत गावातल्या सगळ्यात मोठ्या शेतकऱ्याच्या विहिरीचं. मोठ्या माणसाच्या पाण्यात हिस्सा वेगळा निघणार, याची त्यांना खात्रीच होती. दोन्ही वेळा काडी दोनदाच बसली. मग सरांनी हायड्रोजनच्या नळीशी आगपेटीची काडी पेटवून धरली. फट्‌ झालं तसे बाबा दचकून मागे सरले आणि पोट धरून हसले.

घरी येताना माझा जीव टांगणीला. तलावाच्या पाळीवर ते थांबले.

"त्या नळीत कोनाचा वशिला चालत नाही," ते म्हणाले. "तू हेच शिक."

इतकी वर्षं पाणी वाटताना त्यांनी किती जणांचं काय काय ऐकून घेतलं असेल, ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मला रडू आलं, आणि भंडाऱ्याला जायचा आनंदही पोटात मावेना.