कार्बनवर फोडलेला नारळ

दसरा उलटला की माझं डोकं तापायला लागतं. लोक सायकली धुतात, झेंडूच्या माळा घालतात, हँडलला हळदीकुंकू लावतात. लावा की! पण नारळ? दगडावर फोडा, जमिनीवर फोडा, माझ्या टाळक्यावर फोडा, कार्बनच्या सायकलीवर कशाला फोडता?

सोलापुरात मी कार्बनच्या सायकली दुरुस्त करते. कार्बन म्हणजे लोखंड नव्हे, हे सांगून सांगून घसा बसला. कार्बनच्या धाग्यांच्या कापडाचे थर रेझिनमध्ये, म्हणजे घट्ट होणाऱ्या चिकट रसायनात, बसवून सायकलीची नळी केलेली असते. खड्डे सोसते, पण एका जागी टोला बसला की आतले थर सुटतात. लोखंड आधी वाकतं तरी. हे वाकत नाही, एकदम तुटतं.

मोहोळकडचे एक मामा मुलीची सायकल घेऊन आले. मुलगीही सोबत होती. सायकलच्या शर्यतीत उतरणारी, येत्या रविवारी राज्याच्या संघासाठी तिची निवडचाचणी होती. तक्रार एवढीच, "पायडल मारलं की करकर वाजतंय. जरा तेल सोडा."

मी नाणं घेऊन नळ्या वाजवत गेले. टण, टण, आणि खालच्या नळीवर मध्येच बद्द. वाकून बघते तर केसाएवढी रेघ, आणि रेघेत कुंकू.

"मामा, इथं नारळ फोडला का?"

"व्हय की," मामा खुशीत. "दरवर्षी ट्रॅक्टरच्या बंपरवर फोडतो. औंदा पैला नारळ पोरीच्या सायकलीला!"

माझं डोकंच सटकलं. "अहो, तडकलीय ती! हायवेला ट्रकच्या शेजारून जाताना मोडली म्हणजे?"

"एवढ्याशा रेघंनं काय हुतंय? वरनं स्टिकर मारा. रविवार हुंदे, मग काय ते करा."

"स्टिकर तुमच्या ट्रॅक्टरला मारा!" मी एवढ्यानं ओरडले की शेजारचा चहावाला डोकावून गेला. मग मी मुलीकडे वळले. "आवाज कधीपासून येतोय गं?"

ती खाली बघत म्हणाली, "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

"आणि तशीच पळवतेस? बोलली का नाहीस?"

"पप्पांनी एवढ्या हौसेनं फोडला होता. त्यांना वाईट वाटलं असतं."

आता आधी कुणावर चिडावं तेच कळेना. बापाच्या हौसेपायी ही बया जीव द्यायला निघालेली! मामा मटकन स्टुलावर बसले.

मी सांगितलं, तडकलेला भाग घासून काढायचा, नवे थर चढवायचे, ते पुरते कडक होऊ द्यायचे. आठवडा तरी जाणार. आणि एकदा घासायला घेतलं की रविवार विसरायचा.

"सोमवारी घासा ना, ताई," मुलगी रडायलाच लागली. "एवढा एकच रविवार. दुसरी सायकल नाही माझ्याकडे. पुढच्या वर्षी माझं वय बसत नाही."

खरं सांगते, हात थबकला. राग तसाच होता, तरी थबकला.

"घासा," मामा म्हणाले.

"पप्पा!"

"घासा म्हंतोय न्हवं! अशीच ठिवली तर ही कुलूप तोडून न्हील. मी वळखतो हिला."

मी तोंडाला मास्क बांधला आणि मशीन चालू केलं. काळी भुकटी उडायला लागली. मामांनी डोळे मिटून घेतले. मुलगी बापाकडे नाही, माझ्याकडे बघत होती, खाऊ की गिळू अशी.

निवड हुकली ती हुकलीच. सायकल न्यायला मामा एकटेच आले. पोरगी अजून त्याच सायकलवर हायवेला सरावाला येते आणि मला बघून तोंड फिरवते. फिरवू दे की! दिसतेय, एवढं बास.