घुमटाखालची फरशी

चकाकीमामांनी आयुष्यभर लोकांच्या फरशांना पॉलिश केलं. काम संपलं की मशीन बंद करायचं, सरळ आडवं व्हायचं, गाल फरशीला टेकवायचा, एक डोळा मिटायचा आणि उजेडाच्या रेषेत बघायचं. फरशीत कुठे उंचसखल लाट राहिली असेल तर ती अशीच दिसते, उभ्याने नाही. हे कामापुरतं राहिलं असतं तर मामींची काही तक्रार नव्हती. पण मामींच्या बहिणीच्या नव्या घरी पाहुणे जेवत असताना हे गृहस्थ टेबलाशेजारी आडवे झाले आणि मामी लाजेने अर्धमेल्या झाल्या. बहीण अजून चिडवते.

अशा नवऱ्याला घेऊन मामी बॅसिलिका बघायला निघाल्या. शेकडो वर्षांचं ते कॅथलिक चर्च, आणि त्याच्या घुमटाचं चित्र असलेलं कॅलेंडर मामींच्या ओट्यामागे लटकत असे. तारखा कधीच्या संपल्या, तरी काढायची कुणाची छाती नव्हती. दोघांनी मिळून एकदा तो घुमट बघायचा, एवढंच मामींचं मागणं. मामांचं उत्तर ठरलेलं, हातातलं काम उरकलं की जाऊ. काम उरकलं तेव्हा मामांची मानही कामातून गेली होती. वाकून वाकून ती अशी आखडली की समोरच्याच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाच्या वर नजर जाईना. डॉक्टरांनीही हात टेकले. तरी मामी हटून बसल्या. खांबाला टेकून उभं राहिलं की दिसेल, असा त्यांचा हिशेब. फक्त दारातच त्यांनी बजावलं, "इथे आडवं व्हायचं नाही. माझी शपथ आहे."

आत पाऊल टाकलं आणि मामींनी मान वर केली. कॅलेंडर म्हणजे काहीच नव्हतं. निळं आभाळ, त्यात सोनेरी तारे, भोवती खिडक्यांचं कडं आणि त्यातून उतरणारं ऊन. माणसांनी एवढ्या उंचावर लटकून हे रंगवलं, या विचाराने त्यांचे डोळे भरून आले. शेजारी मामा काळ्या-पांढऱ्या दगडांच्या नक्षीवर बुटाचं टोक हळूच फिरवत होते.

"अहो, वर बघा ना."

मामांनी मनापासून खटपट केली. खांबाला पाठ लावली, गुडघे वाकवले, अख्खं अंग मागे झुकवलं. समोरच्या खांबाच्या मध्यापर्यंत नजर गेली आणि अडली. मग ते म्हणाले, "तू सांग, मी ऐकतो."

मामी सांगू लागल्या. निळा आहे, म्हणाल्या. तारे आहेत. पुढे सांगवेना. इतकी वर्षं वाट पाहिली ती काही वर्णन करून सांगण्यासाठी नव्हे. त्यांनी आजूबाजूच्या गर्दीकडे एकदा पाहिलं.

"व्हा आडवे."

"अगं, शपथ?"

"सुटली म्हणा."

मामा पाठीवर आडवे झाले. आखडलेली मान डोकं टेकू देईना, म्हणून मामींनी आपली पर्स खाली सरकवली. एवढ्यात पहारेकरी धावत आला. त्याला वाटलं, म्हातारा चक्कर येऊन पडला. मामींनी सांगितलं की बरे आहेत, घुमट बघतायत. इथे झोपायची परवानगी नाही, असं तो म्हणाला. मामींचे कान लाल झाले. पण त्या मामांना उठवायला वाकल्या नाहीत, नवऱ्याच्या शेजारी स्वतःच आडव्या झाल्या. पहारेकऱ्याने दोघांकडे पाहिलं, मग दोरी लावलेला छोटा खांब ओढून गर्दीला बाजूने जायला लावलं.

मामा घुमटाकडे बघत राहिले. डोळ्यांतलं पाणी कानाकडे ओघळत होतं, ते पुसायचंही भान नव्हतं. मामींना हायसं वाटलं. पाठीखाली फरशी छान गार लागत होती. त्यांनी हळूच कूस वळवली, गाल टेकवला आणि एक डोळा मिटला.

"अहो, इथे लाट राहिलीय."

"असू दे," मामा घुमटावरची नजर न काढता म्हणाले.