उन्हापुढे सगळ्या पेन्सिली समान!

माझ्या आत्याचा नवरा हयात आहे. म्हणजे आमचे वसंतकाका. ठणठणीत आहेत. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण मध्यंतरी आगाशीत याबद्दल थोडा गोंधळ झाला होता आणि तो मी केला होता. रंगीत पेन्सिलीने!

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. आई-बाबा चळवळीतले, इतर मुलांना अंगाईगीत, मला मागण्यांची यादी. ते मोर्चाला निघाले की मला आगाशीला आत्याकडे सोडत. मोर्चे पुष्कळ असायचे, त्यामुळे मला खरं वाढवलं ते आत्यानेच. म्हणून तिच्या साठीला मी ठरवलं, तिचं चित्र काढून द्यायचं. रंगीत पेन्सिलींनी. जन्मभर टिकेल असं.

पण कुठल्या पेन्सिलींनी? नायगावला मी रविवारी मुलांना चित्रकला शिकवते. तिथे एक आई म्हणाली, "मॅडम, दुकानदार सांगतो परदेशीच घ्या, साध्या पेन्सिलीचा रंग उडतो."

माझं रक्त खवळलं. लूट! उघड लूट! मी दोन्ही आणल्या. परदेशी पत्र्याच्या डब्यातल्या, साध्या पुठ्ठ्याच्या खोक्यातल्या. परदेशी पेन्सिल लोण्यासारखी फिरते, एका रंगावर दुसरा सहज चढवते. साधी कागद खरवडते, आणि तासताना तिचं टोक पाच वेळा तुटलं. (कष्टकऱ्याला थकवा येणारच, म्हणून मी तिला दोन गुण जास्त दिले!)

राहिली उन्हाची परीक्षा. रीत सोपी आहे. दोन्ही पेन्सिलींचे पट्टे कागदावर रंगवायचे, अर्धे काळ्या कागदाने झाकायचे आणि दीड महिना उन्हात ठेवायचे. उघडा भाग फिका पडला की पेन्सिल नापास. नायगावला आमच्या वाट्याचं ऊन समोरचा टॉवर खातो. पण आत्याच्या वाडीत सुकेळ्यांचा मांडव आहे. पिकलेली राजेळी केळी सोलून ती त्यावर वाळत घालते.

"आत्या, हे कागद केळ्यांशेजारी ठेवते. लक्ष ठेवशील ना?"

"केळ्यांइतकंच ठेवीन, बाय. तू जा बिनघोर."

दीड महिन्याने काळा कागद काढला आणि मी मांडवाखाली नाचले. दोन्ही पेन्सिलींचे रंग जसेच्या तसे! लगेच पत्रक काढलं. 'उन्हापुढे सगळ्या पेन्सिली समान! परदेशी डब्याची लूट थांबवा!' नायगाव स्टेशनबाहेर ते मी स्वतः वाटलं. आणि तत्त्वाला जागून आत्याचं चित्रही साध्या पेन्सिलींनीच काढलं. हिरवी साडी, केसांत अबोली, कपाळावर ठसठशीत लाल कुंकू. आत्या रडली. ओटीवर, पश्चिमेच्या उन्हात, तिने ते मानाने टांगलं.

दोन महिन्यांत अबोली गेली. मग कुंकू गेलं. साडी पांढरट झाली.

आणि नेमक्या तेव्हा कामणहून काकांची मावसबहीण आली. ओटीवर कोणी नव्हतं. तिने चित्र पाहिलं, मटकन खाली बसली आणि हंबरडा फोडला, "वसंता, मला कळवलं पण नाही रे कुणी!"

आवाज ऐकून काका तांब्या घेऊन बाहेर आले. "अगं, आलीस कधी? पाणी घे."

ती जी किंचाळली!

विधवेचं कुंकू पुसू नका, म्हणून मी कॉलेजात पत्रक काढलं होतं. आता नवरा समोर पाण्याचा तांब्या घेऊन उभा असताना मी एका बाईचं कुंकू पुसलं होतं!

आत्याने मला काही कळवलं नाही. पोरीला वाईट वाटेल ना! तिने आपला उपाय केला. रोज सकाळी स्वतःला कुंकू लावताना ती चित्राच्या काचेवरही एक बोट टेकवू लागली. आठवड्याने केळ्यांचा व्यापारी आला. काचेवरचं कुंकू बघून त्याने चपला काढल्या, हात जोडले आणि काकांना हळूच विचारलं, "कधी गेल्या वहिनी?"

"कुठे जाणार?" आतून आत्या ओरडली. "चहा टाकलाय, बस!"

ही हकिगत शेवटी काकांनी फोनवर सांगितली. (हसून हसून त्यांना ठसका लागला होता; माणूस हयात असल्याचा तो उत्तम पुरावा!) मी तशीच आगाशी गाठली.

"आत्या, माझे ते कागद. नक्की उन्हात होते ना?"

"होते की! सकाळी कोवळ्या उन्हात तोंड वर. दहाला केळी उलटायचे, तेव्हा तुझे कागदही पालथे घालायचे. वर धुतलेलं फडकं."

"पालथे? फडकं? का?"

"अगं, एवढे जीव लावून रंगवलेलेस. कडक उन्हात उडाले नसते?" मग अभिमानाने म्हणाली, "दीड महिन्यात एक दिवस चुकले नाही मी."

माझी परीक्षा पार बुडवली होती, आणि तीही इतक्या मायेने की रागवायला जागाच नव्हती. आई-बाबा मोर्चात असताना मलाही तिने अशीच तर सांभाळली होती. कडक ऊन लागू न देता.

मी पत्र्याचा डबा आणला, तत्त्व गिळलं आणि कुंकू, अबोली, साडी नव्याने रंगवली.

"ही परदेशी आहे, आत्या. ही टिकेल."

"टिकेल गं," म्हणाली आणि भर दुपारी चित्र भिंतीकडे तोंड करून टांगलं. आता रोज तसंच करते. दुपारी येणाऱ्या पाहुण्यांना पुठ्ठा दिसतो.

चूक झाली तर पत्रक काढून कबूल करावी, ही आमच्या घरची शिस्त. म्हणून नायगाव स्टेशनबाहेर मी पुन्हा उभी राहिले. या पत्रकात तेवढंच छापलं, जे माझ्या संशोधनातून खरोखर सिद्ध झालं होतं: 'पेन्सिल परवडेल ती घ्या. आत्या मात्र चांगली हवी.'